सुधारणा शिकवणारी पुस्तके आणि न शिकवणाऱ्या कादंबऱ्या

अर्धविराम

गेल्या काही महिन्यांत माझे वाचन दोन अगदी वेगळ्या दिशांना झाले. एकीकडे जेम्स क्लिअर यांचे 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' (२०१८) आणि स्टीफन कोवी यांचे सात सवयींवरचे १९८९ सालचे पुस्तक, तर दुसरीकडे गोंचारोव्ह यांची 'ओब्लोमोव्ह' आणि फिट्झजेराल्ड यांची 'द ग्रेट गॅट्सबी'. हे काही ठरवून केलेले नव्हते. पण ही पुस्तके लागोपाठ वाचल्यामुळे एक विचार डोक्यात घोळत राहिला, तो इथे मांडतो.

आत्मविकासाच्या पुस्तकांतही गोष्टी भरपूर असतात. क्लिअर यांचे पहिलेच प्रकरण ब्रिटनच्या सायकलिंग संघाच्या गोष्टीने सुरू होते. २००३ मध्ये संघाची सूत्रे नव्या माणसाच्या हाती येतात, तो सायकलच्या सीटपासून खेळाडूंच्या उशीपर्यंत प्रत्येक बाबतीत एकेक टक्का सुधारणा शोधू लागतो आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये संघ सुवर्णपदकांची लयलूट करतो. गोष्ट छान रंगवली आहे, पण ती पदकांपासून मागे मागे येत लिहिलेली आहे. तेवढीच बारीक काळजी घेऊनही जे संघ हरले, त्यांच्यावर प्रकरण कोण लिहिणार?

कादंबरीचे नेमके उलटे आहे. ओब्लोमोव्ह हा मनाने सज्जन जमीनदार जवळजवळ सगळा पहिला भाग अंथरुणातच काढतो. जमिनीच्या कारभाराची नवी योजना त्याच्या मनात तयार असते, फक्त उठून ती कागदावर उतरवायची राहिलेली असते. हा माणूस पुस्तक मिटल्यावरही सोबत राहतो. त्याचा मित्र श्टोल्झ मात्र वेळेवर उठतो, प्रवास करतो, व्यवहार नीट सांभाळतो, आणि तरीही (माझ्या मते त्यामुळेच) तो पानावर कधी जिवंत होत नाही. 'गॅट्सबी'त तर कमालच आहे. नायकाच्या मृत्यूनंतर त्याचे वडील एक जुने पुस्तक आणून दाखवतात. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्या मुलाने १९०६ साली लिहिलेले दिवसाचे वेळापत्रक असते: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्व आणि रुबाब यांचा सराव. खाली संकल्पही आहेत, त्यांत आठवड्याला एक उन्नती करणारे पुस्तक किंवा मासिक वाचण्याचा संकल्प आहे. वडिलांना त्या पानाचा अभिमान वाटतो. वाचकाला मात्र तोवर ठाऊक झालेले असते की त्या शिस्तीचे पुढे काय झाले.

माझे म्हणणे असे, की हरलेल्या माणसाचे काय करावे हे आत्मविकासाच्या पुस्तकाला कळत नाही आणि व्यवस्थित माणसाचे काय करावे हे कादंबरीला कळत नाही. तुम्हाला काय वाटते? तुमच्या वागण्यात ज्यामुळे खरोखर फरक पडला असे पुस्तक कोणते, आणि ते या दोहोंपैकी कोणत्या जातीचे?

कंदील

मांडणी आवडली, पण तिच्यात एक जुना अन्याय दडलेला आहे. कादंबरी वाचणारा माणूस आत्मविकासाच्या पुस्तकाकडे नेहमी जरा वरूनच पाहतो. ज्याला रोज ठरवूनही काम सुरू करता येत नाही, त्याला ओब्लोमोव्ह देऊन काय साधणार? आपल्यासारखाच आणखी एक जण आहे एवढे समाधान त्याला मिळेल, आणि तो पुन्हा आडवा होईल.

माझ्यापुरते सांगायचे तर क्लिअर यांच्या पुस्तकातील एकच गोष्ट मी उचलली. 'अमुक काम करीन' असे न म्हणता 'अमुक वेळी, अमुक जागी, अमुक काम करीन' असे लिहून ठेवायचे. ही कल्पना मुळात त्यांची नाही, त्यांनीही तसा दावा केलेला नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ती १९९० च्या दशकात मांडली, आणि २००६ मध्ये त्यांनी शीरन यांच्यासह ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा नियोजनाचा परिणाम मध्यम ते मोठा आढळला. माझे रखडलेले लेखन या एका वाक्याने मार्गी लागले. पुस्तकातील उरलेली दोनशेहून अधिक पाने नसती तरी चालले असते, हे मात्र मान्य करतो.

पेंगुळलेला

मी ओब्लोमोव्ह अर्ध्यावर ठेवून दिला आहे. लेखकाचा आशय यापेक्षा अधिक निष्ठेने कोणी आत्मसात केला असेल असे मला वाटत नाही.

तळटीप

सवयींचा विषय निघालाच आहे, तर '२१ दिवसांत सवय लागते' हे कोणी म्हणण्याआधी त्याचा निकाल लावून टाकतो. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकातून पसरला. मॉल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान सुमारे २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढच्या लेखकांनी त्यातील 'किमान' गाळला, 'सुमारे' गाळला आणि चेहराही गाळला. राहिला तो आकडा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात ६६ दिवस हा मधला आकडा निघाला आणि माणसामाणसांतील फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. प्रत्यक्ष अभ्यास बारा आठवड्यांचाच होता, म्हणजे २५४ हा आकडा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. आता '६६ दिवसांत सवय' अशी नवी पुस्तके निघू लागली आहेत, त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे. त्या अभ्यासातील मला सर्वांत उपयुक्त वाटलेली गोष्ट फारशी कुठे छापली जात नाही, ती अशी की मध्येच एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही.

जुनेपान

अर्धविराम यांनी ज्या दोन जाती वेगळ्या मानल्या आहेत, त्या इतिहासात तेवढ्या वेगळ्या नाहीत. सॅम्युअल स्माइल्स यांचे 'सेल्फ-हेल्प', ज्याच्यामुळे या साऱ्या प्रकाराला नाव मिळाले, ते १८५९ साली निघाले. 'ओब्लोमोव्ह' पूर्ण कादंबरी म्हणून प्रसिद्ध झाली तीही १८५९ मध्येच. एका वर्षात एका देशात उद्योगी माणसांची चरित्रे एकत्र बांधली जात होती आणि दुसऱ्या देशात अंथरुणात लोळणारा नायक अवतरत होता.

त्याच्या दोनच वर्षे आधी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' आले, ज्याला आपण सर्वसाधारणपणे मराठीतील पहिली कादंबरी मानतो. तिचा उद्देश काय होता? विधवांची दुःस्थिती दाखवून वाचकाचे मत बदलणे. म्हणजे आपली कादंबरी जन्मली तीच मुळी सुधारणा करण्यासाठी. फक्त तिला वाचकाचा दिनक्रम सुधारायचा नव्हता, त्याचा समाज सुधारायचा होता. तेव्हा 'न शिकवणाऱ्या कादंबऱ्या' हे शीर्षक निदान मराठीच्या बाबतीत तरी तपासून घ्यायला हवे.

आणि त्याच १८५७ च्या आरंभी पॅरिसमध्ये 'मादाम बोव्हारी'वर नीतिमत्तेला बाध आणल्याचा खटला चालला. फ्लोबेर निर्दोष सुटले. मला त्या खटल्यात नेहमी गंमत वाटते ती अशी, की कादंबरीने माणूस बदलतो यावर सरकारी वकिलाचा आपल्या सर्वांपेक्षा अधिक विश्वास होता. त्यात भर म्हणजे खुद्द एम्मा बोव्हारी ही कादंबऱ्या वाचून आयुष्याचा नकाशा ठरवणारी बाई आहे. डॉन किहोतेचेही तेच. कादंबरी हा बहुधा एकच साहित्यप्रकार असावा, जो स्वतःच्याच वाचकाला 'हे वाचून तसे वागू नका' असे सांगत आला आहे. आत्मविकासाच्या पुस्तकाने असा इशारा मुखपृष्ठावर छापलेला मी तरी पाहिला नाही.

अर्धविराम

जुनेपान, 'यमुनापर्यटन'चा मुद्दा मान्य. मी मनात धरून चाललो होतो ती कादंबरी बरीच नंतरची आहे. 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर घ्या. शहरात शिकायला जातो, हरतऱ्हेच्या उद्योगांत स्वतःला घालून पाहतो आणि काहीच हाती न लागता गावी परत येतो. त्याला सुधारावे अशी इच्छा लेखकाला तर नाहीच, वाचकालाही होत नाही.

खिडकीपाशी

कादंबरी वाचल्याने माणूस अधिक समंजस होतो असे आता कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगते. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात किड आणि कास्तानो यांचा एक शोधनिबंध आला होता. साहित्यिक कथांचे थोडेसे वाचन केल्यावर दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या चाचणीत लोक अधिक चांगले ठरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, आणि कादंबरीवाल्यांना आपल्या छंदाला वैज्ञानिक शिक्का मिळाल्याचा आनंद झाला. पुढे २०१८ मध्ये 'नेचर' आणि 'सायन्स'मधील सामाजिक शास्त्रांचे २१ प्रयोग मोठ्या प्रमाणावर पुन्हा करून पाहण्यात आले, त्यांतील १३ टिकले. हा प्रयोग न टिकलेल्यांत होता.

आयुष्यभर कादंबऱ्या वाचल्याने काहीच होत नाही असे याने सिद्ध होत नाही. पाच-दहा मिनिटांच्या उताऱ्याने ते होते असे मात्र म्हणता येणार नाही. मला अधिक खटकते ते वेगळेच. सहानुभूती वाढावी म्हणून कादंबरी हातात घेणे म्हणजे तिला आत्मविकासाचे पुस्तक करून टाकणे आहे. मग तिच्यातील कंटाळवाणी पाने, न आवडणारी माणसे, उगाच लांबलेली वर्णने हे सगळे लाभाच्या हिशेबात तोट्याच्या बाजूला जाते, आणि माझ्या मते कादंबरी नेमकी तिथेच राहत असते.

कंदील

हिशेब नको असे म्हणणे सोपे आहे. क्रूसोने बेटावर पोहोचल्यावर काय केले? आपल्या परिस्थितीतील वाईट आणि चांगले यांची जमाखर्चासारखी दोन रकान्यांची यादी केली. १७१९ ची कादंबरी आहे, आणि तो उतारा आजच्या कोणत्याही आत्मविकासाच्या पुस्तकात 'सराव क्रमांक एक' म्हणून खपेल.

खिडकीपाशी

खपेल, नक्कीच. पण त्या पुस्तकात पुढच्या पानावर 'सराव क्रमांक दोन' येईल. क्रूसोला मात्र त्याच बेटावर आणखी वर्षानुवर्षे काढावी लागतात.

ओंजळ

मी या धाग्यावर सहसा फक्त वाचणाऱ्यांतली आहे, पण मूळ प्रश्नाला माझ्याकडे एक सरळ उत्तर आहे, म्हणून लिहिते.

घरात एक दीर्घ आजारपण होते आणि शेवट कसा होणार हे सर्वांना माहीत होते. त्या काळात आजारी माणसाशी कसे बोलावे, सकारात्मक कसे राहावे, अशा आशयाची बरीच पुस्तके लोकांनी प्रेमाने आणून दिली. त्यांतील सूचना वाईट नव्हत्या. अडचण अशी होती की त्या सगळ्या माझ्यासाठी होत्या. माझे मन शांत कसे राहील, मी खचणार कशी नाही, माझी ऊर्जा कशी टिकेल, असे सगळे. अंथरुणावरचे माणूस त्या पुस्तकांत एक परिस्थिती म्हणून येत असे.

त्याच सुमारास टॉलस्टॉय यांची 'इव्हान इलिचचा मृत्यू' (१८८६) वाचली. लांबीने ती दीर्घकथाच म्हणायची. त्यात गेरासिम नावाचा तरुण नोकर आहे. मालकाचे पाय उंच धरले की त्याला बरे वाटते, म्हणून तो तासन् तास ते आपल्या खांद्यावर धरून बसतो. घरातील सगळे 'तुम्ही फक्त आजारी आहात, नीट उपचार केले की बरे व्हाल' हे नाटक चालू ठेवतात. गेरासिम ते करत नाही. एकदा तो सहजपणे म्हणून जातो की आपण सगळेच मरणार आहोत, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत आहे. इव्हान इलिचला साऱ्या घरात त्या एकाच माणसाजवळ बरे वाटते.

ते वाचल्यावर माझ्या वागण्यात फरक पडला. खोलीत गेल्यावर आनंदी चेहरा करणे मी थांबवले. काय बोलावे याची तयारी करणे सोडले, आणि हाताने करण्यासारखे काय आहे ते पाहू लागले. पुढे आमच्यात काही बोलणी झाली, जी एरवी झाली नसती. ती इथे लिहिणार नाही.

कंदील

ओंजळताई, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले. आपल्या अनुभवाचा पूर्ण आदर ठेवून एक शंका विचारतो. आपण त्या कथेतून शेवटी एक नियमच काढलात ना? 'नाटक करू नये, हाताने काहीतरी करावे.' हाच नियम एखाद्या चांगल्या मार्गदर्शकात एका ओळीत मिळाला असता. तर मग फरक नियमाचा होता की तो मिळण्याच्या रीतीचा?

ओंजळ

तो नियम मला आधीच मिळालेला होता. आणून दिलेल्या पुस्तकांपैकी एकात जवळजवळ त्याच शब्दांत होता, आणि मी त्याखाली रेघही मारली होती. पण त्या पुस्तकात खोटे बोलणाऱ्या नातेवाइकांच्या जागी मी नव्हते. टॉलस्टॉय वाचताना इव्हान इलिचची बायको डॉक्टरांशी बोलते ते प्रसंग आले, आणि तिचा तो सूर मी ओळखला.

तळटीप

ओंजळ यांच्या या उत्तरानंतर थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. पण अर्धविराम यांनी काढलेले गॅट्सबीचे वेळापत्रक तसेच राहून गेले आहे, त्याच्या मूळ पुरुषाबद्दल सांगतो.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी तेरा सद्गुणांचा तक्ता केला होता. दर आठवड्याला एका गुणावर लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. चुकले की त्या दिवसाच्या रकान्यात काळा ठिपका. आजच्या सवय-नोंदींच्या वह्यांचा हा आद्य पूर्वज. आत्मविकासाची पुस्तके त्याचा उल्लेख भक्तिभावाने करतात आणि तिथेच थांबतात. आत्मचरित्रात मात्र पुढचेही आहे. मुळात यादी बारा गुणांची होती. आपण गर्विष्ठ समजले जातो असे एका मित्राने सांगितल्यावर नम्रता हा तेरावा गुण तीत घातला गेला. व्यवस्थितपणा तर शेवटपर्यंत जमला नाही, असे ते स्वतःच लिहितात. आणि नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून काढता काढता त्या वहीच्या कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी तो तक्ता हस्तिदंती पानांच्या टिपणवहीत उतरवला, म्हणजे पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येतील.

हा भोके पडलेला कागद कोणत्याही सवयींच्या पुस्तकात नाही. तो गाळला की तक्ता उरतो, आणि तो ठेवला की फ्रँकलिन उरतात.

पेंगुळलेला

नम्रता यादीत तेरावी आहे, म्हणजे वर्षातील फक्त चार आठवडे नम्र राहायचे. एवढे मला जमेल असे वाटते.

जुनेपान

पेंगुळलेला यांच्या विनोदातही एक तथ्य आहे. कोवी यांनी आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील दोनशे वर्षांच्या यशविषयक लेखनाचा आढावा घेतल्याचे म्हटले आहे. त्यांच्या मते पहिली दीडशे वर्षे भर चारित्र्यावर होता आणि पहिल्या महायुद्धानंतर तो व्यक्तिमत्त्वावर, म्हणजे लोकांवर छाप पाडण्याच्या तंत्रांवर, सरकला. पहिल्या काळाचे उदाहरण म्हणून ते फ्रँकलिन यांचेच आत्मचरित्र देतात. पण फ्रँकलिन स्वतःच कबूल करतात की नम्रता अंगी बाणली असा दावा त्यांना करता येत नाही, तिचा देखावा मात्र बऱ्यापैकी साधला. कोवी यांनी दाखवलेली सीमारेषा इतकी स्वच्छ नसावी.

दूरचा_वाचक

इतका वेळ शांतपणे वाचत होतो. अर्धविराम यांच्या मूळ विधानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला माझी हरकत आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती अजून कोणीच घेतलेली नाही. सुधारू पाहणाऱ्या व्यवस्थित माणसाचे काय करावे हे कादंबरीला कळत नाही म्हणता, मग 'अ‍ॅना कॅरेनिना'तल्या लेविनचे काय?

लेविन हा साहित्यातील सर्वांत हट्टी आत्मसुधारक असावा. शेती सुधारण्याच्या योजना, मजुरांना नफ्यात भागीदार करून घेण्याचा प्रयोग, शेतीवर ग्रंथ लिहिण्याचा घाट, साधे आयुष्य जगण्याचे संकल्प, त्यातच लग्न, मत्सर आणि देवाबद्दलचा संशय. संकल्प करणे हाच त्याचा स्वभाव आहे, आणि तरीही तो श्टोल्झसारखा फिका पडत नाही. शेवटी त्याला जे उमगायचे ते उमगते, आयुष्यभर शोधलेले उत्तर हाती आल्यासारखे वाटते, आणि त्याच दमात त्याला हेही कळते की मी यापुढेही गाडीवान इव्हानवर रागावणार आहे, वाद घालणार आहे, बायकोला उगाच बोलून नंतर पस्तावणार आहे. सुधारणा झाली आणि वागणे बहुधा तेच राहणार, या दोन्ही गोष्टी टॉलस्टॉय एकाच परिच्छेदात खऱ्या ठरवतात.

तेव्हा फरक व्यवस्थित आणि अव्यवस्थित माणसांचा नसावा. श्टोल्झ फिका आहे, कारण लेखकाने त्याला कशातही अडू दिलेले नाही. तीच गोष्ट सायकलिंग संघाच्या प्रकरणाची. त्या काळात ब्रिटनच्या सायकलिंगला राष्ट्रीय लॉटरीतून मोठा निधीही मिळत होता. तो गोष्टीत आला असता तर ती कमी प्रेरक झाली असती, पण अधिक विश्वसनीय नक्कीच झाली असती.

अर्धविराम

लेविन माझ्या विधानात बसत नाही, हे खरे आहे. आपण दिलेले कारण माझ्या कारणापेक्षा अधिक पटते. ओंजळ यांचे उत्तर मात्र त्यातही पूर्ण बसत नाही. गेरासिम कुठेही अडत नाही, त्याच्या मनात संशय नाही, संकल्प नाहीत, आणि तरीही तो फिका नाही.

दूरचा_वाचक

गेरासिमला सुधारायचेच नाही, म्हणून असेल कदाचित. यावर विचार करतो.

कंदील

लेविनचा ग्रंथ शेवटी पुरा झाला का? मला खरोखर जाणून घ्यायचे आहे, कारण ग्रंथ न संपण्यावर माझ्याकडे उपाय आहे.

तळटीप

झाला नाही. कंदील, पुरा होऊन छापला गेलेला ग्रंथही त्याच कादंबरीत आहे, लेविनच्या सावत्र भावाचा. सहा वर्षांच्या नेटक्या कष्टांनंतर तो प्रसिद्ध होतो आणि जवळजवळ कोणी त्याची दखल घेत नाही. आठव्या भागाची सुरुवात पाहावी.